समुद्राची पाळ

तालुका वार्ताहराच्या कामाविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटते, तो बातम्या देतो. बातम्या तो देतोच. पण मी नागभीडला होतो त्या सगळ्या वर्षांत माझा अधिक वेळ गेला तो परीक्षक म्हणून. रांगोळी, पाककला, सुदृढ बालक, सजवलेली बैलजोडी, समूहगान, हस्ताक्षर. यांपैकी एकाही विषयात मला गती नव्हती. तरी बोलावणे मलाच यायचे, आणि त्याची कारणे उघड होती. वार्ताहर स्वतःच्या गाडीने येतो, चहावर भागवतो, आणि तो परीक्षक असला की बातमी फोटोसह छापून येते.

हे काम बाहेरून दिसते त्याहून सोपे आणि त्याहून धोक्याचे असते. शंभरपैकी गुण द्यायचे तर साठ ते ऐंशीच्या मध्ये राहायचे. साठाखाली गेले की तो स्पर्धक दुखावतो, ऐंशीवर गेले की बाकीचे सगळे. निकाल जाहीर होण्याआधी गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे. सुदृढ बालक स्पर्धेच्या वेळी मी हे विसरलो होतो, एकदाच. एका भाजीपाला प्रदर्शनात तर आम्ही गुण देण्याआधीच सगळ्यांत मोठा कोहळा स्वयंपाक करणाऱ्यांनी कापला. आम्ही तो जेवलो आणि चवीवरून त्याला पहिला क्रमांक दिला. बातमीसोबत फोटो दुसऱ्या क्रमांकाच्या कोहळ्याचा गेला. कोणाचीही तक्रार आली नाही.

असे निकाल मी बरेच दिले. त्यांतला एक वेगळा आहे. त्या निकालाच्या बाजूने मी आजही उभा राहीन. तो ज्या पद्धतीने दिला तिच्या बाजूने नाही.

निवृत्तीला दीड वर्ष असताना पळसटोल्याच्या शेवंताबाई माझ्याकडे आल्या. कुरिअरच्या दुकानात मागच्या बाजूला माझे टेबल होते, त्यालाच लोक ऑफिस म्हणत. शेवंताबाईंना नागभीडच्या आठवडी बाजारात सगळे ओळखत. साठीला टेकलेली, गुडघ्यांनी थकलेली, आवाजाने न थकलेली बाई. पळसटोल्यात ढिवरांची वीस-बावीस घरे. पुरुषांच्या सोसायटीकडे गावच्या तलावाचा ठेका. पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडायचे, उन्हाळ्यात जाळी ओढायची. विक्री बायकांकडे. शेवंताबाई त्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष होत्या, आणि तलावाची मासोळी नसेल त्या महिन्यांत सुकट विकत. समुद्रातली वाळवलेली बारीक झिंगे पोत्यांनी इकडे येतात, ती.

त्यांनी टेबलावर एक पत्र ठेवले. किनाऱ्यावरच्या मच्छिमार बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे ते होते. विषय होता, 'समुद्र माझ्या मनात'. गटातल्या बायकांनी समुद्राविषयीच्या आपल्या भावना चित्रातून व्यक्त करायच्या आणि चित्राखाली दोन ओळी लिहायच्या. प्रत्येक गटातल्या पहिल्या क्रमांकाच्या बाईला संस्था समुद्रकाठी चार दिवसांच्या मेळाव्याला नेणार. पत्र किनाऱ्यावरच्या गटांसाठी होते हे वाचताक्षणी कळत होते. कोणीतरी राज्यभरातल्या मच्छिमार बायकांच्या गटांची यादी घेतली असावी आणि त्यातले कोणते गट समुद्राजवळ आहेत हे पाहायचे राहिले असावे. पळसटोल्यापासून दोन्ही बाजूंचे समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहेत. पण पत्रासोबत रंगांचा खोकाही आला होता, आणि पळसटोल्याच्या मते एकदा आलेला खोका परत जात नसतो.

अडचण तिसऱ्या अटीत होती. परीक्षक दोन असावेत. त्यांपैकी किमान एकाने समुद्र पाहिलेला असावा.

"भाऊ, तुमी मुंबईले गेल्ते ना?" शेवंताबाईंनी विचारले.

मी म्हणालो, गेलो होतो.

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याच पेनाने त्या अटीपुढे माझ्याकडून खूण करून घेतली.

वस्तुस्थिती अशी होती. वार्ताहरांच्या एका बैठकीसाठी मी मुंबईत दीड दिवस होतो. बैठक, लॉज आणि परत. त्या शहराला समुद्र आहे याची मला माहिती होती. तो माझ्या वाटेत आला नाही. नागभीडला परतल्यावर लोकांनी समुद्र पाहिला का असे विचारले नाही, कसा वाटला असे विचारले. मी मोठा आहे म्हणालो, आणि विषय संपला. आताही प्रश्न मुंबईचा होता आणि उत्तर मुंबईचे दिले. आमच्या धंद्यात याला चूक म्हणत नाहीत.

शेवंताबाईंना ते बक्षीस का हवे होते, हे सांगायला हवे. तीस वर्षे त्या गिऱ्हाइकाला सुकटीसोबत समुद्रही देत आल्या होत्या. पोत्यावर बसून त्या समुद्राचे वर्णन करत. लाटा ताडाएवढ्या, पाणी हिरवे, ही झिंगे पहाटे काढतात, दुपारी वाळवतात, आणि तिथून डोंग्यात भरून वैनगंगेने वरपर्यंत आणतात. लोक ऐकत आणि पाव किलो जास्त घेत. मग एका बाजाराच्या दिवशी रेल्वेच्या पार्सल खिडकीवरचा बाबू सुकट घ्यायला आला आणि सगळे ऐकून म्हणाला, बाई, तुमचे पोते माझ्या खिडकीतून सुटते, गोंदियाहून येते, आणि वैनगंगा तर वाहते उलटी. शेजारच्या कांदेवालीने ते ऐकले. त्या दिवसापासून बाजार त्यांना विचारू लागला, "बाई, आज डोंगा आला का?" साधी, चांगली सुकटही लोक हसून घेऊ लागले आणि वास घेऊन परत ठेवू लागले. एकदा समुद्र डोळ्यांनी पाहून यायचे आणि या सगळ्यांची तोंडे बंद करायची, एवढेच त्यांना हवे होते. पुढच्या वर्षी गुडघे प्रवास करू देतील याची खात्री नव्हती.

दुसरे परीक्षक कुंभरे गुरुजी होते. तालुक्यातल्या तीन पिढ्यांना त्यांनी चित्रकला शिकवली. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता, पण हे ते स्वतःहून सांगत, आणि त्याची त्यांना अडचणही वाटत नसे. समुद्राचे चित्र त्यांच्याकडे ठरलेले होते. अर्धा सूर्य, दोन नारळ, एक शिडाची होडी, वर तीन पक्षी. परीक्षेत याला पैकीच्या पैकी मिळतात, असा त्यांचा अनुभव होता. आमच्या भागातल्या कोणत्याही घरात लहानपणी काढलेला समुद्र सापडला तर तो हाच असतो. तो गुरुजींचा.

स्पर्धा रविवारी दुपारी समाजमंदिरात झाली. अकरा बायका सतरंजीवर ओळीने बसल्या. पहिली दहा मिनिटे त्यांनी ब्रश एकमेकींच्या गालांवर चालवून पाहिले. मग कागद हातात घेतले, आणि अकरापैकी नऊ जणींनी सगळ्यांत आधी कागदाच्या वरच्या बाजूला एक जाड तपकिरी पट्टा ओढला.

गुरुजी मागून फिरत होते. त्यांनी पंचफुलाबाईंना विचारले, हे काय.

"पाळ," पंचफुलाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी शांतपणे सांगितले की पाळ तलावाला असते, समुद्राला नसते. बायकांनी ब्रश थांबवले. पाळ नसेल तर पाणी थांबते कशाने, असे तिघी-चौघींनी एकदमच विचारले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी वहीत पाहत राहिलो.

तेव्हा शेवंताबाई बोलल्या. ते बोलणे मी टिपून घेतले होते, म्हणून देतो.

"गुर्जी, टीव्हीत समुद्र कोन्या बाजूनं दाखवते? हिरो-हिरोईन पान्यात पयते तिकडून. ढोपरभर पानी असते. आता आपल्या तलावात ढोपरभर पानी कुठी असते? जंगलाच्या बाजूले. पाळीजवळ जाऊन पाहा, माणूस बुडते. म्हंजे टीव्हीवाले उथय बाजूनं फोटो काढून राह्यले. पाळ हाय तिकडल्या अंगाले. तिकडं ते जातच नाई."

आमच्याकडचे तलाव ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी खुलासा. उताराच्या जमिनीवर खालच्या बाजूला मातीची लांब पाळ घातली की वरून येणारे पाणी अडते. तीन बाजू मोकळ्या, चौथीला पाळ. वरच्या बाजूला पाणी पायाला लागते न लागते, पाळीजवळ ते खोल. शेवंताबाईंचे म्हणणे मी घरी जाऊन पुन्हा वाचले. त्यात तर्काची चूक सापडली नाही.

नऊ जणींनी पाळ कायम ठेवली. दहावी मंदा होती. शेवंताबाईंच्या शेजारच्या घरातली नवी सून, गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिने अर्धा सूर्य, दोन नारळ, एक होडी आणि तीन पक्षी अतिशय नीटनेटके काढले. रंग कुठेही रेषेबाहेर गेला नव्हता.

अकराव्या शेवंताबाई. त्यांनी पाळ वर न काढता कागदाच्या खालच्या बाजूला काढली. म्हणजे पाहणारा पाळीवर उभा. समोर पाणी, हिरवे, कागद संपेपर्यंत. अगदी वर, लांब पलीकडे, मुंगीएवढे नारळ आणि मुंगीएवढी एक जोडी नाचताना. ती टीव्हीतली. तिची पाठ होती की तोंड, हे कळण्याइतकी ती जवळ नव्हती. पाळीवर एक बाई बसलेली, बाजूला पोते. हे सर्व झाल्यावर शेवंताबाईंनी कमरेची पुडी सोडली, सुकटीचा चुरा डिंकात कालवला आणि पाळीवर थापला. वास नाही तो समुद्र कसला, असे त्यांचे म्हणणे पडले. समाजमंदिरातले मांजर लगेच येऊन चित्रासमोर बसले. गुरुजींनी त्याला दोनदा बाहेर काढले. इतर दहा चित्रांकडे त्या मांजराने पाहिलेही नाही, अशी माझ्या वहीत नोंद आहे.

चित्राखालच्या दोन ओळी शेवंताबाईंनी मंदाकडून लिहवून घेतल्या. बाकीच्या बायकांनी 'समुद्र निळा आहे', 'समुद्र फार मोठा आहे' असे लिहिले होते. शेवंताबाईंनी सांगितले आणि मंदाने जसेच्या तसे उतरवले: 'याले तुडूम नाई. याचं पानी कोनी सोडू शकत नाई.'

तुडूम म्हणजे पाळीत बसवलेले, पाणी सोडायचे दार. दिवाळीच्या सुमारास धानाला शेवटचे पाणी लागते तेव्हा शेतकरी तुडूम उघडतात. धान वाचते. तलाव उतरतो, मासोळी आखडते, आणि ढिवरांचा अर्धा हंगाम धानाच्या बांधीत वाहून जातो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. या भांडणाच्या बातम्या मी दरवर्षी दिल्या होत्या, दोन्ही बाजूंचे म्हणणे सारख्याच ओळींत. त्या दोन ओळी वाचल्यावर मी पुन्हा चित्र पाहिले. पाळ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. कुठेही दार नव्हते.

गुण देताना गुरुजी आणि मी बाजूच्या टेबलावर बसलो. बायका ऐकू येईल इतक्याच अंतरावर रंगाचे हात धूत होत्या. गुरुजींनी मंदाला ऐंशी दिले, शेवंताबाईंना पंचेचाळीस. मी उलटे दिले होते. बेरीज सारखी आली. गुरुजी माझ्यावर रागावले नाहीत. ते म्हणाले, चित्र जोरदार आहे, हे मलाही दिसते, पण जी गोष्ट जगात नाही ती काढणाऱ्याला पहिला नंबर देता येणार नाही. उद्या माझीच पोरे मला विचारतील.

मग त्यांनी चष्मा काढला.

"भाऊ, तुम्ही समुद्र पाहिलेला माणूस. तुम्हीच सांगा. पाळ असते का त्याला? तुम्ही हो म्हणाले तर मी खोडतो."

हात धुण्याचा आवाज थांबला. शेवंताबाई माझ्याकडे पाहत होत्या.

येथे मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. समुद्र पाहिला नाही असे सांगितले असते तर तिसऱ्या अटीनुसार स्पर्धाच रद्द झाली असती आणि कोणीच गेले नसते. हो म्हणालो असतो तर खोटे झाले असते. मी तिसरी गोष्ट केली. नोकरीच्या सुरुवातीला चंद्रपूरच्या कचेरीत आलेल्या फोटोंखाली ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मुंबईच्या समुद्राचे फोटो दर आठवड्याला यायचे.

"मुंबईत आहे," मी म्हणालो. "सिमेंटची आहे. चांगली लांब आणि वाकडी. संध्याकाळी लोक तिच्यावर रांगेने बसतात, पाण्याकडे तोंड करून."

"वाकडी?" गुरुजींनी विचारले.

"आपल्या तलावासारखीच," मी म्हणालो.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. कोणत्याही कचेरीत तो तपासून घ्यावा. गुरुजींनी पंचेचाळीस खोडून पासष्ट केले, खाली सही केली आणि चष्मा घातला. इतकी वर्षे आपण चुकीचा समुद्र शिकवला की काय, असे त्यांनी परत जाताना गाडीवर मागे बसून दोनदा विचारले. मी रस्त्याकडे लक्ष आहे असे दाखवले. प्रामाणिक माणसाला खऱ्या वाक्याने फसवता येते, हे मला धंद्याने शिकवले होते. तोवर ते मी फक्त पुढाऱ्यांच्या बाबतीत वापरले होते. मंदाने गुरुजींनी शिकवले तसेच, एकही चूक न करता काढले होते. निकाल ऐकल्यावर तिने आपले चित्र गुंडाळले, त्याला दोरा बांधला आणि शेवंताबाईंचे रंगाचे भांडे धुऊन ठेवले.

शेवंताबाई समुद्राला गेल्या. जाण्याच्या आधीच्या बाजारात त्यांनी कांदेवालीला तिकिटाचा कागद तीन वेळा दाखवला. पार्सलच्या बाबूला त्या खिडकीवर जाऊन सांगून आल्या, की येतो आणि मग तुले सांगतो कोनती नदी कुठी वाहते ते. नागभीडच्या फलाटावर गटाच्या सगळ्या बायका होत्या. मी फोटो काढला. तो पान तीनवर आला.

आठवड्याने त्या परतल्या आणि गटाने समाजमंदिरात सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला. बोला म्हणाले. शेवंताबाई उभ्या राहिल्या. लोकांनी हसायची तयारी करून ठेवली होती. त्या उभ्याच राहिल्या. मग "पाह्यला," एवढे म्हणून खाली बसल्या. कोणी टाळी वाजवायची की नाही हे ठरेना.

बातमी द्यायची होती, आणि बातमीला त्यांचे एक वाक्य हवे होते. म्हणून मी पुढच्या बाजाराला त्यांच्याकडे गेलो. त्या पोत्यामागे बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने विचारले, खरंच जाऊन आली का बाई. "हो," त्या म्हणाल्या आणि माप भरले. गिऱ्हाईक थोडे थांबले, अजून काही येईल या अपेक्षेने. काही आले नाही. त्याने वास न घेता पुडी पिशवीत टाकली आणि गेले.

मी वही काढली आणि समुद्र कसा होता ते विचारले.

"तुमी पाह्यला नाई ना, भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या.

तो प्रश्न नव्हता. मी नाही म्हणालो. कधी कळले, असे विचारले.

"तवाच. पाळीचं किती पक्कं सांगितलं तुमी. लांब हाय, वाकडी हाय, लोकं बसते. पाह्यल्यावर तसं नाई येत सांगता." त्यांनी सुकट वरखाली केली. "मी बी तीस वरसं तसंच पक्कं सांगत होती."

मग कशा काय गप्प राहिलात, असे मी म्हणालो.

"मले जायचं होतं ना."

मग त्या स्वतःहूनच म्हणाल्या, की तिकडे पाळ नाही. पहिले दोन दिवस त्या पाहत राहिल्या, आता दिसेल, मग दिसेल. तिथल्या बायकांना विचारले तर त्या हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिकडे पाहणे सोडले आणि पाठ करून बसल्या, कारण डोळा कुठे ठेवायचा ते कळेना. आवाज मात्र पाठीमागून येतच होता. इथवर सांगून त्या थांबल्या आणि मान हलवली. नीट सांगता आले नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला.

हे लिहू का, मी विचारले.

"हे नोका लिहू. काईबी लिहा. तुमाले येते."

मी चार ओळींची बातमी पाठवली. नाव, गाव, स्पर्धेचा विषय, मेळाव्याचे दिवस. संध्याकाळी चंद्रपूरहून उपसंपादकाचा फोन आला. समुद्र पाहून बाईंना काय वाटले ते राहिले आहे, दोन ओळी टाकतो म्हणाला, आणि त्याने त्या वाचूनही दाखवल्या. चांगल्या होत्या. अथांगता होती, भरून आलेले डोळे होते. मी त्या नको म्हणालो. त्याने कारण विचारले.

मी सांगितले, खात्री झालेली नाही.